चार आण्याएवढा काळा कागद

माझ्या तोंडात जिवंत स्प्रिंगा राहतात हे मला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी कळलं.

तेव्हा मी नायगाव पूर्वेला एका लॅबमध्ये काचा धुवायला होते. आमच्या जूचंद्रहून चालत अर्ध्या तासावर नव्या इमारती उभ्या राहत होत्या, त्यातल्या एकीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत ही लॅब होती. रक्त, लघवी, थुंकी तपासायची. तपासणाऱ्या मॅडम भुईगावच्या. मुंबईतल्या मोठ्या इस्पितळात बरीच वर्षं नोकरी करून त्यांनी इकडे स्वतःचं उघडलं होतं. वापरलेल्या स्लाइड ब्लीचिंगच्या पाण्यातून काढायच्या, साबणाने धुवायच्या, मऊ फडक्याने पुसून डबीत उभ्या लावायच्या, हे माझं काम. माझं शिक्षण चौथी. या कामाला शिक्षण लागत नव्हतं आणि बोलणंही लागत नव्हतं, म्हणून मला ते आवडलं. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की माझे शब्द जुळत नाहीत. लहानपणापासून तसंच आहे.

घरात माझ्या वाट्याचं बोलणं थोरली जाऊ बोलून टाकायची. आमच्या घरात सासरे, थोरले दीर आणि ती, माझा नवरा आणि मी. दीर मिठागरावर, नवरा कंपनीत. भातशेती सासरे आणि जाऊ बघत. मी संध्याकाळी घरात शिरले की ती चुलीपुढून ओरडायची, "आली बघा डागदरीन! काय गो, आज कुनाकुनाची लघवी धुतली?" सगळे हसायचे. मीही हसायचे. तिच्या बोलण्यात विष नव्हतं. मी लॅबमधून आले की न्हाऊन स्वयंपाकाला हात लावायचे, आणि मी न्हाऊन येईपर्यंत माझ्या वाटणीच्या भाकऱ्या तिने थापून ठेवलेल्या असायच्या.

एका नाताळात मॅडमची भाची अमेरिकेहून आली आणि मावशीची लॅब बघायला एक दिवस येऊन बसली. मी मोरीत काचा धूत होते, दार उघडं होतं, तिचं बोलणं मला ऐकू येत होतं. मागच्या उन्हाळ्यात ती तिकडे जंगलात फिरायला गेली होती. आठवड्याने दंडावर लाल गोल उमटला. बशीएवढा, कडेला लाल, मध्ये फिकट. मग ताप आला, मग गुडघा सुजला. डॉक्टरांनी सांगितलं, गोचीड चावली. त्या आजाराला तिकडे लाइम म्हणतात. औषध घेऊन ती बरी झाली होती आणि आता तो दंड दाखवत होती, ज्यावर काहीही नव्हतं.

गोचीड! मला हसू आलं. आमच्या दोन म्हशींच्या कानांत आणि कासेजवळ गोचिड्यांचे घोस असायचे. सासरे रोज संध्याकाळी त्या बोटाने उपटून निखाऱ्यावर टाकायचे, त्या फटफट फुटायच्या. कधी आमच्या अंगालाही चिकटायच्या. एवढ्यानं कुणी अमेरिकेच्या डॉक्टरकडे जातं?

भाची गेल्यावर मी मॅडमना विचारलं. दोन वर्षांत मी त्यांना स्वतःहून विचारलेला तो बहुधा पहिलाच प्रश्न. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुमच्या म्हशीची गोचीड वेगळी, ती गोचीड वेगळी," त्या म्हणाल्या. "आणि आजार गोचिडीचा नाहीच. तिच्या पोटात एक जंतू असतो, त्याचा."

"तिच्या पोटात कुठून येतो?"

"उंदरातून."

मला वाटलं त्या माझी गंमत करतायत. पण त्या हातातल्या कागदावर चित्र काढायला लागल्या. ती गोचीड अख्ख्या आयुष्यात तीनदाच जेवते. लहानपणी एकदा, तरणी झाल्यावर एकदा, आणि अंडी घालायच्या आधी एकदा. अंड्यातून निघते तेव्हा ती निर्मळ असते. पहिलं जेवण बहुतेक उंदराचं, आणि उंदराच्या अंगात हा जंतू असला तर रक्ताबरोबर तो तिच्या पोटात जातो. उंदराला त्याचं काही होत नाही, तो आपला पळत असतो. गोचिडीलाही काही होत नाही. मग ती महिनोन् महिने उपाशी पडून राहते आणि तिच्या पोटात तोही पडून राहतो.

"तो काय खातो?"

"त्याला स्वतःला फारसं काही बनवता येत नाही. ज्याच्या घरी असेल त्याच्याकडचं घेतो."

पुढचं मला सगळ्यांत नवल वाटलं. पुन्हा जेवायची वेळ येते, गोचीड माणसाला चिकटते, ऊन ऊन रक्त तिच्या पोटात उतरतं, तेव्हा हा जागा होतो. त्याच्या अंगावर जे आवरण असतं ते तो बदलतो. गोचिडीच्या पोटात राहायचं आवरण वेगळं, माणसाच्या अंगात शिरायचं वेगळं. आमची जाऊ चिखलातलं लुगडं सोडून बाजाराचं पातळ नेसते तसं, मी म्हटलं, पण मनात. आवरण बदलून तो तिच्या पोटातून लाळेत येतो. या सगळ्याला एक दिवस, कधी दीड दिवस लागतो. म्हणून चिकटली त्याच दिवशी गोचीड काढून टाकली तर माणूस बहुतेक वाचतो.

"म्हणजे बाबा रोज संध्याकाळी काढतात ते बरोबर," मी म्हटलं.

"एकदम बरोबर," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याकडे हा जंतू असल्याचं मी ऐकलेलं नाही. पण सवय बरोबर."

मग त्यांनी पेनातली स्प्रिंग काढून माझ्या तळहातावर ठेवली. जंतू दिसतो असा, त्या म्हणाल्या, फक्त याच्याहून फार लांब आणि फार बारीक, आणि पोहतो. मी म्हटलं, पोहतो तर शेपूट असेल. तर म्हणे शेपट्या आहेत, पण कातडीच्या आत. बाहेर एकही नाही. दोन्ही टोकांना बांधलेल्या आणि आतल्या आत अंगाभोवती फिरणाऱ्या. त्या फिरल्या की सगळं अंग लाटांसारखं वळतं आणि तो पुढे सरकतो.

हे मला कळेना. दिवसभर डोक्यात राहिलं. संध्याकाळी घरी परकराला नवी नाडी घालत होते. सेफ्टीपिनेने नाडी नेफ्यातून सरकवली, एक टोक धरून ओढली, तर नेफ्याचं कापड लाटालाटांनी गोळा झालं. नाडी आत, हलतंय कापड. दुसऱ्या दिवशी मी परकर पिशवीत घालून लॅबमध्ये नेला आणि मॅडमपुढे नाडी ओढून दाखवली. दाखवल्यावर मला लाज वाटली, कारण परकर होता. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला शिकताना हे कुणी इतकं सोपं करून दाखवलं नाही."

आणखी एक गोष्ट त्यांनी तेव्हा सांगितली. जवळजवळ सगळ्या जिवांना जगायला लोखंड लागतं. आपलं शरीर हे ओळखून असतं, म्हणून बाहेरचा जंतू आत आला की ते आपलं लोखंड लपवून ठेवतं, त्याला उपाशी मारायला. या जंतूने काय केलं, तर लोखंडाची गरजच सोडून दिली. दुसऱ्याच धातूवर भागवतो. मी तेव्हा रक्त कमी म्हणून लोखंडाच्या गोळ्या घेत होते, त्यांनी पोट बिघडायचं. गोळी गिळताना मला त्याची आठवण यायची. मला लागतं, त्याला लागत नाही.

"बघायचाय?" मॅडमनी एके दुपारी विचारलं. पेशंट नव्हते.

"इथे कुठे?"

"तो नाही. त्याचे भाऊबंद आहेत. आधी एक काम कर."

त्यांनी मला काळा घोटीव कागद दिला. त्यावर चार आण्याचं नाणं ठेवून पेन्सिलीने गोल काढायचा आणि कापायचा. तो गोल त्यांनी मायक्रोस्कोपच्या खाली, जिथून उजेड वर येतो तिथे मधोमध बसवला. हे जंतू इतके बारीक की नेहमीच्या उजेडात उजेडच त्यांना गिळून टाकतो. मधला उजेड अडवला आणि फक्त कडेने येऊ दिला की मागे काळोख राहतो आणि ते चमकतात. मला हे लगेच कळलं. कौलातल्या भोकातून उन्हाची तिरीप येते तेव्हाच खोलीतली धूळ दिसते.

"आता तोंड उघड," मॅडम म्हणाल्या.

लाकडी काडीने त्यांनी माझ्या खालच्या दाढेशी हिरडीवरून काहीतरी खरवडलं, थेंबभर पाण्यात कालवलं, वर पातळ काच ठेवली. मी डोळा लावला. विहिरीत वाकून बघावं तसा काळोख होता. त्यात ठिपके नाचत होते, काड्या होत्या, आणि त्यांच्यामधून चांदीचे केस वळवळत चालले होते. एक थांबला, वाकडा झाला, सरळ झाला आणि आला तिकडेच परत गेला. त्याला तोंड कुठे, शेपूट कुठे, काही नव्हतं.

"हे माझे?"

"तुझेच. माझ्याही तोंडात आहेत. हिरड्या दुखऱ्या असल्या की वाढतात. हे त्या कुळातले, पण गरीब. पाहिजे तेव्हा बघत जा, फक्त भिंग पुसून ठेव."

त्या दिवसापासून जाऊ बोलायला लागली की मी तिच्या दातांकडे बघत राहायचे. ती म्हणायची, "काय बघतं गो? भाजी अडकली काय माझ्या दातात?"

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी मॅडमनी लॅबच्या दारावर एक कागद चिकटवला. शेतात, चिखलात, साचलेल्या पाण्यात उतरणाऱ्यांनी गमबूट घालावेत. मी विचारलं, का. त्यांनी सांगितलं, त्याच कुळातला तिसरा एक आहे आणि तो मात्र आपल्याकडे आहे. हा गोचिडीतून येत नाही. उंदराच्या आणि घुशीच्या मूत्रपिंडात राहतो, त्यांच्या लघवीतून बाहेर पडतो आणि ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे जगतो. टोकं मासे धरायच्या गळासारखी वाकलेली असतात. पायाला बारीकशी जखम असली तरी तिथून आत शिरतो. आधी ताप, डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत. काहींना पुढे कावीळ दिसते आणि लघवी बंद पडते. वेळेत कळलं तर साध्या औषधाने बरा होतो.

आमच्या शेताच्या बांधात घुशींची बिळं होती. आणि लावणीच्या दिवसांत जावेच्या पायांना दरवर्षी चिखल्या व्हायच्या, बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी होऊन फाटायची. त्यासाठी ती आधी मेंदी लावायची, तरी व्हायच्याच.

मी सासऱ्यांना सांगायचं ठरवलं. दोन दिवस शब्द जुळवले. तिसऱ्या दिवशी ते ओट्यावर नांगराचा फाळ ठोकत बसले होते तेव्हा जवळ जाऊन म्हटलं, "बाबा, मॅडम म्हनतात शेतात गमबूट घालावे."

त्यांनी हातोडा थांबवला. "शेतात पायतान? आईच्या अंगावर पायतान घालून चालशील काय तू?"

आमच्याकडे बांधावर चप्पल काढूनच शेतात उतरतात. लावणीच्या पहिल्या दिवशी नारळ फोडून जमिनीला हात लावून नमस्कार करतात. हे मला माहीत होतं, मीही करत होते. मी मान हलवली आणि आत गेले. पुन्हा तो विषय काढला नाही.

लावणी संपली आणि जावेला ताप आला. पहिले चार दिवस तिने कुणाला सांगितलं नाही. भिजल्याने आला असेल म्हणून काढा पीत राहिली. गावातल्या डॉक्टरने मग तापाच्या गोळ्या दिल्या. तिचे डोळे लाल झाले होते. मी तेल लावायला पोटरीला हात लावला तर ती किंचाळली. पाचव्या दिवशी डोळ्यांतला लाल रंग पिवळा दिसायला लागला आणि घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, कारण आता आजाराला नाव मिळालं. कावीळ. कावीळ उतरवणारी बाई आमच्या आळीच्या पलीकडेच राहते.

ती बाई औषधी मुळाचे बारीक तुकडे पांढऱ्या दोऱ्यात एकेक गाठ मारून गुंफते आणि त्याची माळ डोक्यात घालते. आधी ती जेमतेम कपाळावर मुकुटासारखी बसते. कावीळ उतरेल तशी माळ वाढत जाते, गळ्यात येते, मग पोटापर्यंत. ती पायाकडे पोचली की माणूस बरा. वरून चुन्याच्या पाण्याने हात धुवायचे, पाणी पिवळं होतं, ते टाकून द्यायचं. जाऊ स्वतः चालत जाऊन माळ घालून आली. बाईने न्हाताना तुटली तर असावी म्हणून तसलीच दुसरीही दिली. ती मी चुलीवरच्या खुंटीला अडकवून ठेवली.

माझ्या डोक्यात मात्र मॅडमचा कागद होता. ताप, डोळे, पोटऱ्या. पण बोलायचं कुणाला? सासरे एकदा ओरडले होते. दीर पावसाळ्यातही मिठागराच्या राखणीला. नवरा म्हणाला असता, तू काय डॉक्टर आहेस? आणि खरंच मी कोण होते? मग मला वाटलं, आपण बघू शकतो की. दिसलं तर कुणाला पटवायची गरजच नाही. मॅडमना सांगता येईल, बघा, आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जावेला धरून मोरीत नेलं आणि लॅबची बाटली पुढे केली.

"माझ्यावरच आलीस काय शेवटी," ती म्हणाली. तापातसुद्धा तिला थट्टा सुचत होती. "काय बघतं त्याच्यात?"

"बघते," मी म्हटलं.

मॅडम त्या दिवशी घरच्या कुणाच्या तरी वर्षाच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला, भुईगावला गेल्या होत्या. लॅब पेशंटना बंद होती, माझ्याकडे झाडलोटीला किल्ली होती. कामं उरकून दुपारी तीनला मी चार आण्याएवढा काळा कागद बसवला, थेंब ठेवला, डोळा लावला. काळोखात खडे चमकत होते, गोल पेशी तरंगत होत्या. केसासारखं काही नाही. स्लाइड इकडून तिकडे, वरून खाली, शेतात भातरोपांची एकेक चूड लावत जावं तशी ओळीने फिरवली. तीन थेंब बघितले. मान दुखायला लागली. काहीच नव्हतं.

मला इतकं हलकं वाटलं की मी येताना जावेसाठी ऊस घेऊन आले. कावीळच आहे तर. घरी माळ तिच्या गळ्यात उतरली होती, शेजारणी बघायला येत होत्या. मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

सकाळी मॅडम आल्या तेव्हा मी त्यांना चांगली बातमी म्हणून सांगितलं. "मॅडम, माझ्या जावेला कावीळ झालीय. मला वाटलं तो गळासारख्या टोकांचा जंतू असेल. पण मी बाटली आणून बघितली, नाहीय."

त्या खुर्चीत बसत होत्या, बसल्या नाहीत. "कधीपासून ताप?"

"आज सातवा दिवस."

"डोळे लाल होते? पोटऱ्या?"

"होय."

"लघवी किती होते?"

"कालपासून कमी. काल सकाळी बाटलीत दिली, रात्री थोडी."

मॅडम मला कधी ओरडल्या नव्हत्या. त्या दिवशी ओरडल्या. "पहिल्या आठवड्यात तो रक्तात असतो, लघवीत नंतर येतो! आणि आला तरी आंबट लघवीत थोड्या वेळात मरतो. तू सकाळची बाटली दुपारी बघितलीस! अगं, मी स्वतः बघितलं असतं आणि दिसला नसता तरी मी नाही म्हटलं नसतं. दिसला तर आहे. नाही दिसला तर काही कळलेलं नसतं, एवढंच."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं डोळ्यांनी बघणं म्हणजे संपलं.

त्यांनी मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहिली आणि मला रिक्षात बसवलं. रस्ताभर मी शब्द जुळवत होते, पण एकही जागेवर राहत नव्हता.

घरी ओट्यावर तीन-चार शेजारणी होत्या. आत जाऊ भिंतीला टेकून बसली होती, माळ पोटापर्यंत आली होती आणि सासरे खूश होते. "बघ, निम्मी कावील उतरली," ते मला म्हणाले. जावेचे पाय सुजलेले मला दिसले. ती माझ्याकडे बघून हसली नाही, काही बोललीही नाही. तिचं ते न बोलणं बघून मी घाबरले.

काय बोलावं म्हणून मी इकडेतिकडे बघितलं, आणि चुलीवरच्या खुंटीकडे लक्ष गेलं. खुंटीवरची माळ मी लावली तेव्हा वीतभर होती. आता ती हातभर लोंबत होती.

मी ती काढली आणि जावेच्या गळ्यातल्या माळेशेजारी धरली. दोन्ही सारख्याच लांबल्या होत्या. मुळाचे तुकडे वाळून आकसले होते, दोऱ्याच्या गाठी सैल झाल्या होत्या. अंगाच्या उबेने एक वाळली, चुलीच्या उबेने दुसरी.

"बाबा," मी म्हटलं, "ही खुंटीला होती."

सासऱ्यांनी एक माळ बघितली, दुसरी बघितली. मग ते हळूच म्हणाले, "मंग खुंटीला पन कावील झालती काय?"

जावेच्या घशातून हसल्यासारखा आवाज आला. मी चिठ्ठी पुढे केली आणि मला जे माहीत होतं ते सगळं सांगितलं. घुशी, बांध, चिखल्या, लघवी. मध्ये कुठे थांबले नाही. एकच गोष्ट सांगितली नाही, बाटलीची. सासऱ्यांनी रिक्षा थांबवून ठेवायला सांगितलं आणि जावेला स्वतः उचललं.

इस्पितळात लगेच पेनिसिलीनची इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर धावत आलेल्या दिरांना म्हणाले, "कालच आणायला हवं होतं." मी मागे उभी होते. काल दुपारी तीन वाजता मी काळ्या कागदावर डोळा लावून बसले होते. पुढचे दोन दिवस लघवी नव्हती, मूत्रपिंडं हार मानतात की काय अशी वेळ होती. मी खाटेखालच्या लघवीच्या पिशवीकडे बघत बसायचे. मॅडम रोज फोन करायच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत चार बोटं लघवी जमली. मी आयुष्यात इतक्या बाटल्या धुतल्या, पण लघवी बघून रडले ती एकदाच. रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात तोच निघाला.

ती घरी आली तेव्हा भात पोटरीत होता, कणसं बाहेर पडायच्या बेतात होती.

पुढच्या वर्षी सासरे स्वतः बाजारातून गमबुटांचे दोन जोड घेऊन आले. कोरे. रस्त्यावर एक पाऊल न टाकता ते डोक्यावरून बांधावर नेले, पाण्याने धुतले, हळद-कुंकू लावलं. जावेला म्हणाले, "हे पायतान नाय. हे शेतातले पाय. शेतातच ऱ्हातील." तिने घातले, दोन पावलं टाकली, चिखलात रुतली आणि आपटली. सगळी आळी हसली.

त्याच्या काही आठवडे आधी, मे महिन्यात, ती एकदा माझ्याबरोबर लॅबला आली होती. "मना दाखव तो," म्हणाली. "ज्याने एवढी खाल्ली मना." मी म्हटलं तो नाही दाखवता येणार, पण त्याच्या कुळातले आहेत, तोंड उघड. मॅडम आतल्या खोलीत रिपोर्ट लिहीत होत्या. मी काडी फिरवली, काळा कागद बसवला, काच लावली. जावेने डोळा लावला आणि पहिल्यांदाच बराच वेळ गप्प राहिली.

"हे माझ्या तोंडातले?"

"होय बाय."

"तरीच मी एवढी बोलतं!"

तिचा डोळा मायक्रोस्कोपला होता, तोंड माझ्याकडे नव्हतं. असं पुन्हा जमणार नाही हे मला कळलं. मी म्हटलं, "बाय, गेल्या साली तुझी बाटली मी इस्पितळात नेलं त्याच्या आदल्या दिवशीच बघितली होती. मला काही दिसलं नाय म्हनून मी गप बसले. एक दिवस गेला तो माझ्यामुळं."

तिच्या बोटांनी स्क्रू थोडा फिरवला, परत फिरवला.

"चार दिस तर मीच लपवला ताप," ती म्हणाली. "माळ घालायला पन माझ्या पायांनी गेली." मग डोळा वर करून, "पन तू येऊन नुसतं म्हनायचं होतं गो. मी बघितलं, मना काय समजत नाय, असं. तेवढं पन मी ऐकलं असतं."

"होय," मी म्हटलं.

ती पुन्हा बघायला लागली. बाहेर रस्त्याचं काम चालू होतं, खडी ओतल्याचा आवाज आला. तिने डोळा न काढता विचारलं, "हे झोपतात कवा?"

मी विचार केला. गोचिडीच्या पोटात पडून राहणं म्हणजे झोप का? मला ठाऊक नव्हतं.

"मला माहीत नाय," मी म्हटलं. आणि आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्याने हाक मारली, "मॅडम, हे झोपतात का कधी?"

आत पेन खाली ठेवल्याचा आवाज झाला. "मलाही माहीत नाही गं," मॅडम म्हणाल्या आणि बघायला बाहेर आल्या.